छापलेल्या, रंगवलेल्या कापडाच्या नमुन्यांचं करायचं काय? (छोट्या आर्ट क्विल्ट्स)

शाईचे_बोट
मंडळी, प्रश्न साधा आहे पण मी त्यात बरेच दिवस अडकून पडलेय. मला कापडावर जे जे करता येतं ते करून बघायची सवय आहे. जेल प्लेटवरचे (रंग लावून छापा घ्यायच्या मऊ, रबरासारख्या पाटीवरचे) छापे, स्क्रीन प्रिंट, हाताने कोरलेले ठसे, ओल्या रंगावर मीठ, रंग अडवायला सोया वॅक्स, ब्लीच, सायनोटाइप (उन्हात उमटणारे निळे छापे), गंजलेल्या खिळ्यांचे डाग, सगळं. प्रत्येक वेळी वहीच्या पानाएवढा तुकडा घ्यायचा, करून बघायचं, वाळवायचं आणि खोक्यात टाकायचं. खोकी वाढत चाललीत.
आता झालंय असं की प्रत्येक तुकड्यात कुठेतरी काहीतरी फार सुंदर आहे पण एकही तुकडा अख्खा चित्र म्हणून उभा राहत नाही. मला यातून भिंतीवर लावायच्या छोट्या क्विल्ट्स (गोधडीसारखे थर टाक्यांनी जोडलेली कामं) करायच्यात, फूटभर बाय फूटभर किंवा त्याहून लहान. कापायला हात धजत नाही, कारण तसाच छापा परत येणार नाहीये. न कापता वापरावा तर काय वापरलं असा प्रश्न पडतो. आणि दोन नमुने शेजारी ठेवले की दोघंही ओरडायला लागतात.
तर तुम्ही कापता का? कसं ठरवता कुठे कापायचं? जाड अ‍ॅक्रिलिक बसलेल्या कापडातून सुई नीट जात नाही त्यावर उपाय असला तर तोही सांगा.

कात्रीबाई
कापा. पुढचा प्रश्न?

नुसता_वाचक
आयडीला जागलात हो बाई.
खुर्ची टाकून बसलोय, होऊन जाऊ द्या.

उरेब
कापायचं, पण आधी बघायचं. जाड काळ्या कागदाचे दोन एल आकाराचे तुकडे करा, ते एकमेकांवर ठेवले की हवी तेवढी लहानमोठी चौकट होते. ही चौकट नमुन्यावरून सरकवत न्यायची. छापलेल्या कापडात गोची ही असते की नक्षी सगळीकडे सारख्याच जोराने पसरलेली असते, डोळ्याला टेकायला जागा नसते. चौकट तीनचार इंचांची केली की एकदम दिसतं की अरे, या कोपऱ्यात रोलर उचलताना जी पांढरी फट राहिलीये आणि तिच्या खाली जो गडद पट्टा आलाय तेवढंच चित्र आहे, बाकी नुसता गोंगाट. तिथे खडूने कोपरे मार्क करायचे, फोटो काढायचा, आणि कापड उलटं फिरवून परत बघायचं. आडवं केलं की बऱ्याचदा वेगळीच चौकट सापडते.
लगेच कापू नका. दुसऱ्या दिवशी तीच चौकट आवडली तर कापा. आणि चारही बाजूंनी अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवा, टाके घातले की तुकडा आत ओढला जातो, शेवटी मापात आणायला कापड उरलं पाहिजे.

अमूर्त
मी थोडं विरोधी बोलणार. नमुन्यातला "चांगला भाग" शोधून कापून घेणं म्हणजे फोटो क्रॉप करणं झालं, त्याला क्विल्टची गरज काय? फ्रेम करून लावा की.
माझं मत असं की अख्खा तुकडा घ्या, खाली फेल्ट किंवा बॅटिंग (गोधडीच्या आतला मऊ थर), त्याखाली अस्तर, आणि जे चित्रात कमी आहे ते टाक्यांनी पूर्ण करा. माझ्याकडे एक मिठाचा तुकडा होता, निळा-करडा. मिठाच्या प्रत्येक खड्याभोवती रंग ओढला जाऊन फिकट गोल आणि त्याच्या कडेला गडद दाणेदार रेघ तयार झालेली. त्यातले निम्मे गोल मी तसेच सोडले आणि उरलेल्यांच्या कडेकडेने एकेरी दोऱ्याने धावदोरा घातला, अगदी बारीक टाके, गोलाच्या बाहेरून. झालं असं की टाके घातलेले गोल फुगून वर आले आणि न घातलेले मागे गेले. छाप्यात नसलेली खोली कापडात आली. हे कात्रीने येत नाही, टाक्यानेच येतं.
म्हणजे सुरवात "कुठे कापू" पासून न करता "कुठे खाली दाबू आणि कुठे फुगू देऊ" इथून करा.

टाकाबखिया
अमूर्त, प्रतिसाद आवडला पण शाईचे_बोट यांचे तुकडे सगळेच असे नसणार. माझ्या अनुभवात दहातले आठ नमुने फक्त "हे असं होतं का बघू" म्हणून केलेले असतात, त्यांना अख्खं जपण्यात अर्थ नाही.

अमूर्त
@टाकाबखिया, मग ते आठ खोक्यातच राहू देत. सगळ्याचं काहीतरी झालंच पाहिजे असा नियम आहे का?

ठिगळराव
आमच्या घरी हाच वाद चिंध्यांच्या बोचक्यावरून चालतो, फक्त त्याला कला म्हणत नाहीत. (कृपया हलके घ्या)

सोडा_अ‍ॅश
सुईचं उत्तर देतो. आधी हे बघा की तुमच्या कापडावर डाय आहे की पेंट. फायबर रिअ‍ॅक्टिव्ह डाय (प्रोसियन वगैरे) कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंध करतो, धुण्याच्या सोड्याने अल्कली केलं की. म्हणून धुतल्यावर कापड पहिल्यासारखंच मऊ राहतं, हाताने शिवायला काही त्रास नाही. पेंटमध्ये रंगाचे कण बाइंडरने धाग्यावर चिकटवलेले असतात, म्हणजे मुळात प्लॅस्टिकचा थर. जेल प्लेटवर साधा अ‍ॅक्रिलिक वापरला आणि तीन थर चढवले की कापड पुठ्ठा होतंच.
जे झालंय त्यावर उपाय: हाताने शिवायचं असेल तर जाड थर टाळून पातळ रंगाच्या जागी टाके घ्या. मशीनवर ९०/१४ ची टॉपस्टिच सुई लावा, नाक मोठं असतं, दोरा घासून तुटत नाही. टाका जरा लांब ठेवा. आणि लक्षात ठेवा, रंगाच्या थरात सुईने पडलेलं भोक बुजत नाही, उसवलं तर ठिपक्यांची रांग कायमची राहते. म्हणून अशा कापडावर टाचण्यासुद्धा कडेलाच.
पुढच्या वेळी रंगात टेक्स्टाइल मीडियम (अ‍ॅक्रिलिक कापडावर मऊ राहावा म्हणून घालायचं द्रावण) मिसळा, किती ते बाटलीवर असतं, आणि वाळल्यावर इस्त्रीने पक्का करा. इस्त्री उलट बाजूने किंवा मध्ये पार्चमेंट पेपर ठेवून, नाहीतर रंग इस्त्रीला चिकटतो.
आणि एक, कापायच्या आधी प्रत्येक नमुन्याचा छोटा कोपरा वहीत चिकटवून बाजूला लिहा: कापड कुठलं, रंग कुठला, किती वेळ ठेवला, किती वेळा धुतलं. एकदा कापलात की तुकडा कशाचा होता ते विसरणार. नमुना मुळात त्यासाठीच केला होता ना?

कात्रीबाई
वहीचं बरोबर आहे. वहीत कोपरा गेला की कापायची भीतीही जाते, कारण माहिती सुरक्षित असते. "तसाच छापा परत येणार नाही" हे खरं आहे पण तुम्हाला तसाच कशाला हवाय? ज्या हाताने तो आला तो हात आहे की अजून.
मी खोक्यातलं सर्वात लाडकं कापड आधी कापते. ते पडून राहिलं की बाकीच्या सगळ्या तुकड्यांवर दहशत बसते, प्रत्येकाची तुलना त्याच्याशी.

हळूहळू
वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. रच्याकने (बाय द वे), शाईचे_बोट यांनी सायनोटाइप लिहिलंय. मी पारदर्शक फॅब्रिक पेंट लावून त्यावर पानं ठेवून उन्हात ठेवते, पानाखाली फिकट आकार उमटतो, ते तेच का? उन्हातल्या अतिनील किरणांनी होतं ना?

सोडा_अ‍ॅश
नाही, दोन्ही वेगळी. सायनोटाइप खरंच प्रकाशाने होतं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलं, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन द्रावणं मिसळून कापडाला लावायची, अंधारात वाळवायचं, वर वस्तू ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. जिथे प्रकाश पडला तिथे प्रशियन ब्लू, जिथे झाकलं तिथे कापडाचा पांढरा. अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ पासून शेवाळांचे छापे याच पद्धतीने काढले.
तुमचं पेंटवालं प्रकाशाने होत नाही. उघडा भाग आधी वाळतो आणि झाकलेल्या भागातलं ओलं पाणी रंग घेऊन वाळणाऱ्या भागाकडे ओढलं जातं, म्हणून पानाखाली फिकट राहतं. गरम दिव्याखाली ठेवलंत तरी होईल. पान कापडाला अगदी चिकटून बसलं पाहिजे, नाहीतर कडा धूसर येते.

हळूहळू
अरेच्चा. म्हणजे मी उगाच ऊन पडायची वाट बघत बसते. धन्यवाद!

जुनी_सुई
पानांच्या छाप्यात शिरा उमटतात त्यावर टाके घालायचा मोह आवरा. सगळे तेच करतात. छापलेल्या रेघेवरून बरोब्बर टाका गेला की टाका दिसेनासा होतो आणि छापाही मरतो. शेजारून जा, किंवा उलट्या दिशेने.

मधलं_बोट_नाही_अनामिका
मूलभूत शंका, रागावू नका. जी पांघरता येत नाही, धुता येत नाही, फूटभराची आहे, ती क्विल्ट कशी काय? रंगवलेलं कापड आहे ते. चित्रकला म्हणा ना सरळ.

नुसता_वाचक
आली, आली, ज्याची वाट बघत होतो ती पोस्ट आली.

जुनी_सुई
@अनामिका, रागवायचं काय त्यात, हा वाद जुनाच आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या अमेरिकन क्विल्ट्स भिंतीवर चित्रांसारख्या लावल्या. त्या अंथरुणासाठी केलेल्याच होत्या, फक्त उभ्या टांगल्यावर लोकांना त्यात रंग आणि आकार दिसायला लागले. मग १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्सला क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन सुरू झालं, खास भिंतीसाठी केलेल्या क्विल्ट्सचं, आणि १९८९ मध्ये साका, म्हणजे स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स ही संस्था निघाली. त्यांची साधारण व्याख्या अशी की थर असलेली आणि टाक्यांनी जोडलेली, किंवा त्या रचनेचा संदर्भ घेणारी दृश्यकलाकृती. पांघरायची अट कुठेच नाही.
आणि रंगवलेलं कापड म्हणाल तर फेथ रिंगोल्ड बघा. ती मुळात चित्रकार, तिची आई विली पोझी कपड्यांची डिझायनर. १९८० मध्ये पहिली क्विल्ट दोघींनी मिळून केली. पुढे तिने कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने चित्रं रंगवून भोवती कापडाच्या तुकड्यांची चौकट जोडली. तिच्या कामाला चित्र म्हणा नाहीतर क्विल्ट म्हणा, दोन्ही बाजूंनी ते उभं राहतं.

मधलं_बोट_नाही_अनामिका
मान्य, व्याख्या कळली. तरी माझं निम्मं म्हणणं शिल्लक राहतं की टाका काढून टाकला तर काही बिघडतं का हे विचारावं. नाही बिघडलं तर ती क्विल्ट नाही, मागे फेल्ट लावलेलं चित्र आहे.

अमूर्त
अनामिका, तुमचं आणि माझं एकच म्हणणं आहे हो.

ठिगळराव
कुणीतरी स्क्रीनशॉट काढा, या धाग्यावर दोन माणसांचं एकमत झालं.

टाकाबखिया
विषयाकडे येते. शाईचे_बोट यांचा तिसरा प्रश्न राहूनच गेला, दोन नमुने ओरडतात त्याचा. माझ्या मते खरा प्रश्न तोच, कापायचं का नाही हे त्यानंतरचं.
नमुने करताना आपण प्रत्येक तुकड्यात सगळं काही ओततो. ठसा पण, स्टेन्सिल पण, वरून सोनेरी पण. मग खोक्यात सगळी नायक मंडळी, कोरसला कुणी नाही. म्हणून गप्प बसणारं कापड वेगळं करावं लागतं. ते कुठून आणायचं: एक, ब्रश आणि रोलर पुसायचा जुना सुती फडका. खरंच सांगते, माझ्या कितीतरी तुकड्यांत तेच सगळ्यात चांगलं कापड निघालंय, कारण ते बनवताना मी काही बनवत नव्हते. दोन, छापल्यावर प्लेटवर जो रंग उरतो त्याचा दुसरा छापा, घोस्ट प्रिंट, तो फिका आणि मऊ असतो. तीन, छापलेल्या तुकड्याची मागची बाजू. पातळ कापडावर पेंट आरपार झिरपतो तेव्हा मागे त्याच नक्षीची ढगाळ सावली असते, रंग तोच असल्यामुळे पुढच्या बाजूशी आपोआप जुळतो. पुढची बाजू एक इंच दाखवा आणि मागची बाजू चार इंच, बघा कसं बसतं.
मग सगळं मांडून फोनने काळा-पांढरा फोटो काढा. दोन तुकडे रंगाने कितीही वेगळे असले, लाल आणि हिरवा म्हणा, तरी करड्यात सारखेच दिसले की ते एकमेकांत मिसळून चिखल होणार. एक तरी खूप गडद आणि एक तरी खूप फिकट हवा.

उरेब
+१. पुसायच्या फडक्यासाठी शंभर वेळा +१. फक्त मुद्दाम सुंदर फडका करायला गेलात की तो फडका राहत नाही.

हळूहळू
गडद कापड कमी असेल तर फिकट नमुना परत काळ्या डायमध्ये बुडवला तर चालेल ना? आणि उलट, फार गडद झालेल्याला ब्लीचने उतरवायचं? मी कुठेतरी वाचलं की ब्लीच मारून झालं की लगेच व्हिनेगरमध्ये टाकायचं म्हणजे ब्लीच थांबतं.

सोडा_अ‍ॅश
थांबा थांबा थांबा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र नाही. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो, तो विषारी आहे. वर त्याने ब्लीच थांबतही नाही. ब्लीच खरंच थांबवायचं तर आधी भरपूर पाण्यात खळबळायचं, मग सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात घालायचं (अँटिक्लोर म्हणून मिळतं), मग परत धुवायचं. खिडक्या उघड्या, हातमोजे, आणि स्प्रेच्या बाटलीत ब्लीच भरू नका, ते तुषार छातीत जातात. रेशमावर, लोकरीवर ब्लीच नाही, तंतूच विरघळतो. थांबवलं नाही तर सुती कापडही आतल्या आत कुजत जातं आणि नंतर टाक्यापाशी फाटतं.
बाकी पहिल्या प्रश्नाला हो, कॉटनवरचा डायवाला नमुना परत डायमध्ये चालेल, मजा येईल. पेंटवाल्याला डाय धरणार नाही जिथे पेंट आहे तिथे, पण ते चांगलंच, पेंट उठून दिसेल. डायची पावडर उघडताना मास्क लावा, ओली झाल्यावर मग फार भीती नाही.

हळूहळू
बापरे. बरं झालं विचारलं. ती टीप जिथे वाचली तिथेही जाऊन लिहिते.

कात्रीबाई
सोडा_अ‍ॅश, गंजाचंही सांगून टाका एकदाच.

सोडा_अ‍ॅश
गंजाच्या तुकड्यांबद्दल थोडक्यात: छापून झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, गंज धरायला लावलेल्या व्हिनेगरचं आम्ल मारा आणि नीट धुवा. तरी लोखंडाचा ऑक्साइड धाग्यात राहतोच आणि तो कापसाला हळूहळू खातो. म्हणून गंजलेला भाग मुख्य आधार म्हणून वापरू नका, दुसऱ्या कापडावर बसवा. सुई लवकर बोथट होते, शेवटी लावा ती जुनी सुई. (जुनी_सुई, तुम्हाला नाही म्हणत.)

जुनी_सुई
बोथट आहेच मी, त्यात काय :)

बरं आता शेवट कसा करायचा ते कुणी बोललं नाही. एवढ्या लहान तुकड्याला बाहेरून गोट लावू नका. फूटभराच्या चौकोनाला पाव इंचाचा गोट म्हणजे चारी बाजूंनी कुंपण, छापा पळत कडेपर्यंत गेलेला असतो आणि तिथे धाडकन थांबतो. फेसिंग करा: चार पट्ट्या सुलट बाजूला जोडायच्या, कोपरे छाटायचे, आणि पूर्ण मागे वळवून हातटाक्याने बसवायच्या. पुढून काहीच दिसत नाही, छापा कडेपर्यंत जातो. जाड पेंटचं कापड कडेला वळत नाही, तिथे फेसिंगचा हट्ट सोडा, कडा सरळ कापून दाट झिगझॅग घाला किंवा तशाच उघड्या ठेवा.
अगदी लहान कामांना आत बॅटिंगऐवजी फेल्ट बरं, कापड ताठ राहतं आणि लोंबत नाही. टांगायला मागच्या वरच्या दोन कोपऱ्यांत कापडाचे त्रिकोण शिवून घ्यायचे, त्यात बारीक काठी अडकते. मोठ्या कामाला काठी ओवायला मागे कापडाची बाही लागते, यांना नाही.

उरेब
मापाबद्दल भर घालतो. साकाचा दरवर्षी लिलाव असतो त्यातली कामं बारा इंच बाय बारा इंचच असतात, सगळी एकाच मापाची. हे माप नमुन्यांसाठी फार सोयीचं, आणि सगळी कामं एकाच मापाची केली की शेजारी लावता येतात, निर्णय कमी होतात. त्याहून लहान करायचं तर चार बाय सहाचं कापडी पोस्टकार्ड. सर्वात लहान म्हणजे ट्रेडिंग कार्ड, अडीच बाय साडेतीन इंच, ते मुळात कागदाचं, १९९७ मध्ये झुरिकला श्टिर्नेमान नावाच्या कलाकाराने सुरू केलं, विकायचं नाही, फक्त अदलाबदल. कापणाऱ्यांसाठी उत्तम सुरवात, कारण एवढ्याशा तुकड्यासाठी लाडकं कापड फार जात नाही.

कात्रीबाई
ट्रेडिंग कार्ड म्हणजे पळवाट. एवढ्या लहान मापात काहीही सुंदर दिसतं, त्यात निवड कुठे आली? बारा इंचात तुम्हाला ठरवावं लागतं काय ठेवायचं नाही ते.

उरेब
पळवाट असेल पण पाऊल पडतं ना त्यावरून. सगळ्यांनाच पहिल्या फटक्यात लाडकं कापड कापता येत नाही ताई.

ठिगळराव
ज्यांना कापवत नाही त्यांनी कात्रीबाईंकडे कुरियर करा, विषय संपला.

शाईचे_बोट
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मधले दिवस गप्प होते कारण करून बघत होते.
आधी वही केली. मग उरेब यांच्या काळ्या चौकटी घेऊन बसले आणि कळलं की माझ्या बहुतेक नमुन्यांतला चांगला भाग कडेला आहे, मधोमध नाही. प्लेटच्या कडेला रंग जिथे अर्धवट पोचलाय, स्टेन्सिल जिथे कापडाबाहेर गेलंय. मधला भाग मी विचार करून छापलेला, म्हणून सगळा सारखा. तेव्हा मी कडा कापल्या आणि मधले भाग ठेवून दिले.
आता एक काम चाललंय, बारा इंची. खाली टाकाबखिया म्हणाल्या तसा पुसायचा फडका, करडा-हिरवा, त्यावर एकच जांभळी-काळी कड, जेल प्लेटची, डावीकडून आत येते आणि दोन तृतीयांशावर थांबते. बाकी काही नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती कड एकदम स्पष्ट दिसते. दुसरा एक नमुना वर ठेवून बघितला, केशरी स्क्रीनचा, लगेच सगळं बिघडलं, काढला.
अमूर्त यांचं म्हणणं मात्र डोक्यातून जात नाहीये. फडक्याच्या मोकळ्या भागात टाके घालायला लागले आणि आता कळत नाही कुठे थांबू. कड जिथे संपते तिथून पुढे तिचीच दिशा धरून धावदोरा नेलाय, तर ती रेघ पुढे चालू राहिल्यासारखी वाटते. चांगलं वाटतंय का जास्त समजावून सांगितल्यासारखं वाटतंय?

अमूर्त
फोटो न बघता सांगतो, जास्त झालंय. कड थांबली त्याला कारण होतं. तिला पुढे ढकलू नका, तिच्या समोर आडवे टाके घाला, विरळ, मोकळ्या जागेला पोत येईल आणि कड थांबलेलीच राहील.

टाकाबखिया
मी उलट सांगेन, रेघ ठेवा पण दोऱ्याचा रंग फडक्याचाच घ्या. लांबून दिसणार नाही, जवळ आल्यावर दिसेल.

मधलं_बोट_नाही_अनामिका
टाका काढून बघा, बिघडतं का. माझा प्रश्न परत तोच.

शाईचे_बोट
@अनामिका, आत्ताच काढून बघितला (मऊ कापड आहे, भोकं इस्त्रीने बुजली). बिघडतं. रेघ नसली तर कड नुसती अर्धवट वाटते. म्हणजे टाका हवाय, फक्त जांभळा नको. टाकाबखिया यांचं ऐकते, करड्या दोऱ्याने परत घालते, आणि आडवे टाके वेगळ्या कामावर करून बघते.

अमूर्त
माझा सल्ला राखून ठेवलाय, पुढच्या तुकड्याला वापरा.

कात्रीबाई
केशरी स्क्रीनवाला फेकू नका. त्याच्या कडा बघितल्यात का?

शाईचे_बोट
बघितल्या. खालची कड चांगली आहे :)

नवखा_रंगारी
उशिरा आलो, पूर्ण धागा वाचला, छानच चर्चा. एक छोटी शंका. माझ्याकडे सायनोटाइपचा तुकडा आहे, तो क्विल्टमध्ये घातलाय आणि खिडकीसमोर लावल्यामुळे निळा बराच फिका पडलाय. धुतला तर उजळेल का? आणि कपडे धुवायची पावडर चालेल ना?

सोडा_अ‍ॅश
पावडर अजिबात नको. अल्कलीने प्रशियन ब्लू पिवळट पडतो आणि तो परत येत नाही, तेव्हा सोडा असलेलं काहीच लावू नका, अगदीच धुवायचं झालं तर साधं पाणी. फिका पडलाय तो प्रकाशाने, धुवून काही उजळणार नाही. भिंतीवरून काढून काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, बराचसा निळा आपोआप परत येतो. नंतर लावताना खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी शोधा.